जपानमध्ये परदेशी मालक म्हणून छोटं गेस्टहाउस सुरू करायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत मला आलेल्या मेसेजमधले प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं लिहिली आहेत. बऱ्याच जणांचा क्रम असा असतो की आधी घर आवडतं, मग ते घेतात, आणि मग विचारतात की आता परवाना कसा काढू. माझी कळकळीची विनंती आहे की क्रम उलटा ठेवा. आधी व्हिसा, मग परवान्याचा प्रकार, मग झोन, मग फायर आणि सगळ्यात शेवटी घर. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तो नंबर सांगितलाय.

१. परदेशी माणसाला जपानमध्ये घर आणि जमीन खरंच स्वतःच्या नावावर घेता येते का?

हो, येते. नागरिकत्वाची अट नाही, व्हिसाचीही नाही, टुरिस्ट म्हणून आलेला माणूससुद्धा घेऊ शकतो, आणि घराखालची जमीनही कायमची तुमचीच होते. जपानबाहेर राहणाऱ्या माणसाने गुंतवणूक किंवा धंद्यासाठी घेतली तर २० दिवसांच्या आत बँक ऑफ जपानमार्फत अर्थमंत्र्यांकडे रिपोर्ट द्यायचा असतो. लष्करी तळ आणि सीमेवरच्या बेटांजवळच्या काही खास भागात २०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जागा असेल तर व्यवहाराआधीच कळवावं लागतं. शेतजमीन मात्र वेगळी भानगड आहे, ती प्रश्न ९ मध्ये.

२. घर घेतलं की राहायचा व्हिसा मिळतो ना?

नाही. कितीही महाग घर घेतलं तरी नाही. तुम्ही मालक असाल, पण व्हिसा नसेल तर वर्षातून थोडे दिवस पाहुण्यासारखं येऊन जायचं, आणि त्या दिवसांत स्वतः रिसेप्शनला उभं राहून गेस्ट घेणं हेही काम धरलं जातं. सगळ्यात जास्त लोकांचं स्वप्न मी इथेच मोडताना बघितलंय, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

३. मग बिझनेस मॅनेजर व्हिसा (जपानमध्ये स्वतःचा धंदा चालवण्यासाठीचा) काढते. त्याला ५० लाख येन लागतात असं वाचलं, बरोबर का?

ते जुनं झालं. १६ ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदललेत आणि नेटवरच्या बऱ्याच जुन्या लेखांत आणि व्हिडिओत अजून ५० लाखच लिहिलेलं आहे. आता ३ कोटी येन भांडवल लागतं. त्याशिवाय किमान एक फुलटाइम कर्मचारी हवा, आणि तो जपानी किंवा पर्मनंट रेसिडेंट, जपानी माणसाचा स्पाउस अशा प्रकारचा हवा, कामाच्या व्हिसावर आलेला परदेशी मोजत नाहीत. तुम्हाला किंवा त्या कर्मचाऱ्याला जपानी भाषा साधारण एन-२ लेव्हलची (जपानी भाषेच्या परीक्षेतली वरून दुसरी पायरी) यायला हवी. तुमच्याकडे ३ वर्षांचा मॅनेजमेंटचा अनुभव किंवा संबंधित विषयातली मास्टर्स डिग्री हवी. आणि बिझनेस प्लॅन सीए, टॅक्स अकाउंटंट किंवा सरकारमान्य बिझनेस कन्सल्टंटने तपासून दिलेला हवा.

ज्यांच्याकडे हा व्हिसा आधीपासून आहे त्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत थोडी सवलत आहे, पण धंदा बरा चाललाय आणि पुढे निकष पूर्ण होतील हे दाखवावं लागतं.

आता गेस्टहाउसवाल्यांना खास अडवणाऱ्या दोन गोष्टी. एक म्हणजे राहतं घर हेच ऑफिस, हे आता तत्त्वतः चालत नाही. दुसरी, सगळं काम एजन्सीला देऊन टाकलं आणि तुम्ही फक्त मालक राहिलात तर इमिग्रेशन म्हणतं की तुम्ही मॅनेज काय करताय. आणि याच्या उलट, दिवसभर तुम्हीच चादरी बदलताय, टॉयलेट धुताय असं दिसलं तरी प्रश्न येतो कारण व्हिसा धंदा चालवण्यासाठी आहे, रूम साफ करण्यासाठी नाही. म्हणजे मधला रस्ता काढावा लागतो, आणि दोन-तीन खोल्यांच्या गेस्टहाउसमधून एका फुलटाइम माणसाचा पगार निघतो का हे कागदावर मांडून बघा, बहुतेक वेळा निघत नाही. मला वाटतं हल्ली या व्हिसावर यायचं असेल तर दोन खोल्यांचं स्वप्न बाजूला ठेवून निदान सात-आठ खोल्यांचा किंवा दोन-तीन घरांचा विचार करावा.

३ कोटी म्हणजे बँकेत नुसते ठेवायचे असं नाही. ते कंपनीचे पैसे आहेत, कंपनीने त्यातून घर घेतलं, दुरुस्ती केली, पगार दिले तर चालतं.

४. मी आधीच जपानमध्ये आहे, मलाही हे सगळं लागू आहे का?

कुठल्या व्हिसावर आहात त्यावर आहे. पर्मनंट रेसिडेंट, जपानी माणसाचे किंवा पर्मनंट रेसिडेंटचे स्पाउस, किंवा लाँग टर्म रेसिडेंट असाल तर कामावर बंधन नाही, प्रश्न ३ विसरून जा आणि दोन खोल्यांचं गेस्टहाउस आनंदाने काढा. इंजिनिअरच्या वगैरे कामाच्या व्हिसावर असाल तर घर घेता येईल, पण स्वतः गेस्टहाउस चालवणं त्या व्हिसात बसत नाही, इमिग्रेशनची वेगळी परवानगी किंवा व्हिसा बदल लागतो. आधी ग्योसेइ शोशीला विचारा (सरकारी अर्ज करून देणारा लायसन्सवाला माणूस, व्हिसाचं काम करणारा वेगळा बघून घ्या). नाहीतर पुढच्या रिन्यूअलला अडकाल.

५. परवान्याचे प्रकार किती आणि माझ्यासाठी कुठला?

छोट्या माणसासाठी खरे तीन रस्ते.

पहिला कानि शुकुशो, म्हणजे साधं लॉजिंग, १९४८ च्या रयोकान (पारंपरिक जपानी हॉटेल) कायद्याखाली. हॉस्टेल, डॉर्म, बॅकपॅकर गेस्टहाउस सगळे यात येतात. गेस्टच्या खोल्यांचं क्षेत्र एकूण ३३ चौरस मीटर हवं, पण एकावेळी १० पेक्षा कमी गेस्ट घेणार असाल तर माणशी ३.३ चौरस मीटर पुरतं. वर्षभर ३६५ दिवस चालवता येतं.

दुसरा त्याच कायद्याखालचा रयोकान-हॉटेल परवाना. पूर्वी किमान ५ किंवा १० खोल्यांची अट होती, २०१८ मध्ये ती गेली, त्यामुळे आता एका खोलीचंही रयोकान होऊ शकतं. खोली ७ चौरस मीटरची, बेड असेल तर ९. पूर्ण घर एकाच ग्रुपला द्यायचं असेल तर हल्ली बरेच जण हाच घेतात.

तिसरा मिनपाकु, म्हणजे राहत्या घरात गेस्ट ठेवणं. कायदा १५ जून २०१८ पासून लागू झाला. यात परवाना नसतो, ऑनलाइन नोंदणी असते, पण वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवसच (प्रश्न ६). घरात किचन, बाथरूम, टॉयलेट, वॉशबेसिन चारही हवेत. गेस्ट असताना मालक घरात नसेल किंवा खोल्या ५ पेक्षा जास्त असतील तर रजिस्टर्ड मॅनेजमेंट कंपनीला काम द्यावंच लागतं, आणि ती बुकिंगमधला चांगलाच हिस्सा घेते.

चौथा एक तोक्कु मिनपाकु आहे, खास आर्थिक झोनमधला, तोक्योचा ओता वॉर्ड आणि ओसाका इथे गाजलेला. पण ओसाका शहराने नवीन अर्ज घेणं मे २०२६ मध्ये थांबवायचं ठरवलं, त्यामुळे त्यावर प्लॅन उभा करू नका.

वर्षभर धंदा करायचा असेल तर पहिला किंवा दुसरा. राहत्या घरातली एखादी खोली द्यायची असेल तर तिसरा.

६. मिनपाकुचे १८० दिवस नेमके कसे मोजतात? रिकामे दिवस धरतात का?

रिकामे धरत नाहीत, गेस्ट प्रत्यक्ष राहिला ती रात्र मोजतात. वर्ष १ एप्रिल दुपारी १२ ते पुढच्या १ एप्रिल दुपारी १२. दर दोन महिन्यांनी किती रात्री, किती गेस्ट, कुठल्या देशाचे हे कळवायचं असतं.

पण १८० हा वरचा आकडा आहे, स्थानिक नियम तो अजून कमी करतात आणि इथेच लोक फसतात. तोक्योच्या शिंजुकु वॉर्डात फक्त-रहिवासी झोनमध्ये सोमवार दुपार ते शुक्रवार दुपार बंदी आहे, म्हणजे आठवड्याला तीन रात्री, वर्षाला १५६ च्या आसपास. क्योतो शहरात तशाच झोनमध्ये साधारण १५ जानेवारी ते १५ मार्च एवढेच दिवस मिळतात, चेरीही नाही आणि लाल पानंही नाहीत, ऐन थंडीचे दोन महिने. म्हणून जागेच्या महानगरपालिकेचा नियम वाचल्याशिवाय हिशेब करू नका.

७. उरलेल्या १८५ दिवसांत घर रिकामंच ठेवायचं का?

नाही, एक महिना किंवा त्याहून जास्त मुदतीच्या रीतसर भाडेकराराने देता येतं, ते लॉजिंग धरलं जात नाही. रिमोट काम करणारे, प्रोजेक्टवर आलेले लोक असं घर शोधत असतात. फक्त कागदावर महिना आणि प्रत्यक्षात चार दिवस असले प्रकार करू नका, विनापरवाना लॉजिंगला सहा महिने कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड आहे आणि परदेशी माणसाचा व्हिसाही धोक्यात येतो.

८. जागा बघायला जातेय, सगळ्यात आधी काय तपासू?

झोन. पत्ता घ्या, महानगरपालिकेच्या साइटवर झोनचा नकाशा असतो तो उघडा. कमी उंचीचा फक्त-रहिवासी किंवा मध्यम-उंच फक्त-रहिवासी झोन असेल तर रयोकान कायद्याखालचा परवाना मिळणार नाही, घर कितीही सुंदर असो. मिनपाकु चालू शकतं, पण प्रश्न ६ ची बंधनं येतात. शहराबाहेर, जिथे बांधकाम विस्तार रोखलेला असतो असा पट्टाही त्रासदायक.

मग मजल्यांचं क्षेत्र. गेस्टहाउससाठी वापरायचा भाग २०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर वापरबदलाची औपचारिक मंजुरी लागते, आर्किटेक्ट, नकाशे, सगळं. २०१९ च्या आधी ही मर्यादा १०० होती. २०० च्या आत अर्ज टळतो पण बिल्डिंगचे नियम पाळावे लागतातच, अर्ज नाही म्हणजे नियम नाही असं समजू नका.

१०० मीटरच्या आत शाळा असेल तर होकेन्जो (आरोग्य खातं, परवाना हेच देतात) शाळेचं मत मागवतं. नकार येतोच असं नाही पण वेळ जातो.

आणि घराच्या सौद्याची सही करण्याआधी नकाशा घेऊन होकेन्जो, फायर स्टेशन आणि बिल्डिंग विभाग, तिन्हीकडे स्वतः जा. सल्ला फुकट असतो, आणि तिथली माणसं खरंच नीट समजावून सांगतात, फक्त भाषा येणारं कुणीतरी सोबत न्या. आमच्या गेस्टहाउसला मागच्या बाजूला अजून एक दरवाजा लागेल हे आम्हाला फायर स्टेशनवाल्यांनी सहीच्या आधीच सांगितलं होतं, म्हणून तो खर्च किमतीत वळता करून घेता आला.

९. आकिया म्हणजे पडीक घरं अगदी स्वस्तात मिळतात, त्यातलं एखादं घेऊ का?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात सुमारे ९० लाख रिकामी घरं निघाली, म्हणजे पुरवठा खूप आहे, आणि नगरपालिकांच्या आकिया बँकेत यादी मिळते. घर स्वस्त असतं कारण खर्च पुढे वाट बघत असतो.

जून १९८१ च्या आधीचं घर असेल तर भूकंपाचे जुने निकष, मजबुतीकरण मोठा खर्च. प्लॉटला किमान ४ मीटर रुंद रस्ता किमान २ मीटर लागून नसेल तर ते पाडून परत बांधता येत नाही, जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं. गटार लाइन नसेल तर जोकासो म्हणजे सेप्टिक टाकी असते, आणि गेस्टची संख्या वाढली की मोठी टाकी मागतात. सोबत शेताचा तुकडा येत असेल तर शेती समितीची परवानगी हवी. मालक वारले आणि वारसांनी नाव बदललंच नाही अशी घरंही खूप, एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची झाली तरी जुना गुंता सुटायचाच आहे, सगळ्या वारसांच्या सह्या होईपर्यंत एक येन देऊ नका.

माझं मत, घराच्या किमतीपेक्षा दुरुस्तीचा आकडा मोठा धरूनच निघा.

१०. छोटं घर आहे, फायरचे नियम खरंच इतके कडक असतात का?

हो, आणि ते असायलाच हवेत, जुनी लाकडी घरं आहेत आणि झोपलेल्या गेस्टला दरवाजा कुठे हेही माहीत नसतं. लॉजिंगला ऑटोमॅटिक फायर अलार्म क्षेत्र कितीही लहान असलं तरी लागतो, पण ३०० चौरस मीटरच्या आतल्या बऱ्याच घरांना वायरलेस सिस्टिम चालते, तिचा खर्च पुष्कळ कमी. शिवाय एक्झिटचे दिवे, आग न धरणारे पडदे आणि कार्पेट. सगळं झालं की फायर स्टेशन सर्टिफिकेट देतं, त्याशिवाय परवाना नाही.

अपवाद एकच महत्त्वाचा: मिनपाकु आहे, मालक गेस्टसोबत घरातच राहतो आणि गेस्टच्या खोल्या एकूण ५० चौरस मीटरच्या आत आहेत, तर साधं घर धरतात आणि हे बरंचसं लागत नाही. पण बिझनेस मॅनेजर व्हिसावाल्याला हा अपवाद फारसा उपयोगी नाही, कारण प्रश्न ३ मधली घर आणि ऑफिसची अट आडवी येते.

११. कंपनी काबुशिकी कैशा (शेअर्सवाली कंपनी) काढू की गोदो कैशा (एलएलसीसारखी साधी कंपनी)?

गोदो कैशा स्वस्त पडते असं सगळे सांगतात कारण नोंदणी कर किमान ६० हजार येन आणि काबुशिकीला किमान दीड लाख. पण खरा नियम भांडवलाच्या ०.७ टक्के किंवा ही किमान रक्कम, यातलं जे जास्त ते. ३ कोटीचे ०.७ टक्के २ लाख १० हजार, म्हणजे दोन्हीला सारखाच. काबुशिकीला नोटरीचा खर्च वरून येतो, पण तीन कोटींच्या पुढे तो फरक किरकोळ आहे. तुम्ही प्रश्न ४ मधले, कामावर बंधन नसलेले असाल तर कंपनीची गरजच नाही, स्वतःच्या नावावर धंदा करता येतो.

१२. बँक अकाउंट उघडत नाहीयेत, भांडवल भरू कुठे?

हा त्रास खरा आहे. नवीन आलेल्या परदेशी माणसाला साधारण सहा महिने नॉन-रेसिडेंट धरतात आणि कंपनीचं अकाउंट कंपनी झाल्याशिवाय निघत नाही. जपानमध्ये राहणारा विश्वासू पार्टनर किंवा डायरेक्टर असेल तर त्याच्या अकाउंटमधून हे होतं, पण पैशांचा माग प्रत्येक टप्प्यावर कागदावर ठेवा, कारण हे ३ कोटी कुठून आले हे इमिग्रेशन विचारतंच. कंपनी व्हायच्या आधी येऊन कामं उरकण्यासाठी चार महिन्यांचा बिझनेस मॅनेजर व्हिसाही असतो.

१३. विकत न घेता भाड्याच्या घरात किंवा फ्लॅटमध्ये चालेल का?

चालतं, पण मालकाची लेखी परवानगी हवी, आणि ती लॉजिंगसाठी असं स्पष्ट लिहिलेली, नुसतं पोटभाडेकरू ठेवायला हरकत नाही एवढ्यावर भागत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीचे नियम बघा, २०१८ च्या सुमारास खूप सोसायट्यांनी मिनपाकु बंदी लिहून टाकलीय.

१४. सकाळचा नाश्ता देता येईल ना?

स्वतः बनवून दिला तर रेस्टॉरंटचा परवाना वेगळा लागतो, त्यासाठी किचनमध्ये सिंक, हात धुवायची वेगळी जागा वगैरे अटी आणि एक दिवसाचा फूड हायजिनचा कोर्स केलेला माणूस. गेस्टने कॉमन किचनमध्ये स्वतः बनवलं तर काही लागत नाही. सुरुवातीला बरेच जण हेच करतात आणि मलाही तेच बरं वाटतं.

१५. गेस्टचा पासपोर्ट बघायचा की कॉपी ठेवायची?

जपानमध्ये पत्ता नसलेल्या प्रत्येक परदेशी गेस्टचं नागरिकत्व, पासपोर्ट नंबर लिहायचा आणि कॉपी ठेवायची. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाकडे मात्र पासपोर्ट मागू नका, त्याचं नाव-पत्ता पुरतो, चेहरा बघून मागितला की त्याला वाईट वाटतं आणि ते बरोबरच आहे.

१६. राहायला फुकट देऊन व्हॉलंटियर ठेवले तर?

टुरिस्ट म्हणून आलेल्याला नाही. राहायला दिलं हाच मोबदला धरला जातो आणि त्याच्यासोबत तुम्हीही अडकता. विद्यार्थी असेल तर बाहेरच्या कामाची परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास, आणि पगार रीतसर द्यायचा.

१७. टॅक्स किती जातो?

घरावर मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १.४ टक्के, शहरात वरून ०.३ टक्क्यांपर्यंत अजून. राहत्या घराच्या जमिनीला २०० चौरस मीटरपर्यंत मूल्यांकन एक षष्ठांश धरतात, पण घर पूर्ण लॉजिंग झालं की ही सवलत जाऊ शकते आणि जमिनीचा कर एकदम वाढतो. हे कुणी सांगत नाही.

दुसरी लपलेली गोष्ट कन्झम्प्शन टॅक्सची (आपल्या जीएसटीसारखा विक्रीवरचा कर, १० टक्के). १ कोटी येनच्या आत विक्री असलेल्याला तो भरावा लागत नाही, पण कंपनीचं भांडवल १ कोटी किंवा जास्त असेल तर पहिल्या वर्षापासूनच लागू. प्रश्न ३ मुळे तुमचं भांडवल ३ कोटी, म्हणजे सूट संपलीच. रूमचा रेट ठरवताना हे १० टक्के आधीच धरा. चांगली बाजू अशी की दुरुस्तीवर भरलेला टॅक्स वळता करता येतो, त्यामुळे दुरुस्तीच्या आधीच टॅक्सवाल्याला गाठा.

काही शहरांत गेस्टकडून लॉजिंग टॅक्स गोळा करून भरायचा असतो. तोक्योत २००२ पासून आहे, क्योतोने मार्च २०२६ पासून खूप वाढवलाय, सगळ्यात महाग खोल्यांना माणशी रात्रीला १० हजार येनपर्यंत.

१८. शेजारी विरोध करतील का?

करतील की नाही हे बरंचसं तुमच्या पहिल्या भेटीवर आहे. अर्ज करायच्या आधी दोन्ही बाजूच्या, समोरच्या आणि मागच्या घरी जाऊन स्वतःची ओळख करून द्या, तुमचा फोन नंबर द्या, चोनाइकाइ म्हणजे मोहल्ला समितीत सामील व्हा, सफाईच्या दिवशी झाडू घेऊन हजर राहा. काही शहरांत तर शेजाऱ्यांना आधी कळवणं नियमातच आहे.

भांडण होतं ते जास्त करून कचऱ्यावरून. गेस्टचा कचरा हा धंद्याचा कचरा आहे, तो गल्लीतल्या घरगुती कचऱ्याच्या जागी ठेवायचा नसतो, लायसन्सवाल्या कंपनीशी करार करावा लागतो. दुसरं रात्री दहानंतर दगडी रस्त्यावर सुटकेस ओढल्याचा आवाज. उशिरा येणाऱ्या गेस्टला आम्ही आधीच मेसेज करतो की कोपऱ्यापासून बॅग उचलून आणा, आणि लोक खरंच उचलतात.

१९. घराचा भूकंप इन्शुरन्स आहे, तो पुरेल का?

बहुतेक नाही. जपानचा सरकारी पाठबळ असलेला भूकंप इन्शुरन्स राहत्या घरासाठी आहे, घर पूर्ण गेस्टहाउस झालं की तो लागू होत नाही. तुम्ही त्याच बिल्डिंगच्या एका भागात राहत असाल तर मिळू शकतो. फायर पॉलिसीही धंद्याची वेगळी घ्यावी लागते, वापर बदलल्याचं कळवलं नाही तर क्लेम नाकारतील.

२०. स्टेशनवरून गेस्टला माझ्या गाडीतून आणलं तर?

पूर्ण फुकट असेल तर चालतं. वेगळे पैसे घेतले तर ती विनापरवाना टॅक्सी होते. टूर म्हणून पैसे घेऊन फिरवणंही त्यातच येतं.

२१. चालू गेस्टहाउसच विकत घेतलं तर परवाना आपोआप माझा होतो का?

आपोआप नाही. रयोकान कायद्याखालचा परवाना डिसेंबर २०२३ पासून धंदा हस्तांतरणात पुढे नेता येतो, पण व्यवहाराच्या आधी होकेन्जोची मान्यता घ्यावी लागते, आणि नंतर सहा महिन्यांच्या आत ते येऊन तपासतात. मिनपाकुची नोंदणी मात्र त्या माणसाची असते, ती मिळत नाही, नवी करावी लागते आणि मधल्या काळातली बुकिंग्ज रद्द होतात. घर विकणारा जपानबाहेर राहत असेल तर किमतीतले १०.२१ टक्के तुम्ही कापून टॅक्स ऑफिसला भरायचे असतात, विसरलात तर ते तुमच्याकडून वसूल होतात, म्हणून विकणाऱ्याचा पत्ता कागदावर आधी बघा.